पद्मिनीची पुढची चाके

परभणीहून जिंतूर आणि तिथून येलदरी. नव्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्याला या वाटेबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते. एखादी डुलकी लागते आणि धरण येते. तीच वाट जुन्या प्रीमिअर पद्मिनीतून नेहमी करणाऱ्याला मात्र तोंडपाठ असते. स्टिअरिंग कुठे हाताला ओढ देते, वळणावर गाडी कुठे एका अंगावर कलते, डाव्या चाकाखालून 'खट्' असा आवाज नेमका कोणत्या मोरीपाशी येतो, हे सगळे त्याला माहीत असते.

यात दोष रस्त्याचा आहे तसा मातीचाही आहे. मराठवाड्याच्या या भागात खाली काळी, कापसाची माती आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. पावसाळ्यात जमीन वर येते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचे डांबर या उठाबशा निमूटपणे सहन करते. रस्त्याच्या मध्याखालच्या मातीतला ओलावा त्या मानाने स्थिर राहतो. कडेच्या मातीत पाणी आधी शिरते आणि ती वाळतेही आधी, म्हणून रस्ता कडेने खचतो. आपण गाडी डावीकडून चालवतो. त्यामुळे एकाच गाडीची उजवी चाके बऱ्या रस्त्यावरून धावतात आणि डावी चाके लाटांवरून. पुढच्या सस्पेन्शनमध्ये सुधारणा करायला निघालेल्या हौशी मालकाने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण पुढचे बरेचसे हिशेब तिच्यावरच ठरतात.

पद्मिनी जन्माने इटलीची, वाढली मुंबईत. दान्ते जाकोझा या अभियंत्याने घडवलेली फियाट 1100-103 ही गाडी 1953 मध्ये बाजारात आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, 1972 मध्ये तिचे नाव प्रीमिअर प्रेसिडेंट झाले आणि 1974 मध्ये पद्मिनी. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. पेट्रोल इंजिन 1089 सीसीचे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा बहुतेक वर्षे स्टिअरिंगखालीच. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2003 मधली. 20 वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 मध्ये, काळ्या-पिवळ्या रंगातली ही गाडी रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या घरगुती गाड्या. कुणाच्या वडिलांची, कुणा डॉक्टरची, कुणा ठेकेदाराची.

या गाडीची पुढची बाजू तिच्या काळाच्या मानाने चांगलीच पुढारलेली होती. प्रत्येक पुढच्या चाकाला वरची आणि खालची अशा दोन आर्म, त्यांच्यात कॉइल स्प्रिंग, जोडीला टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर, आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या आर्मना जोडणारा एक स्टॅबिलायझर बार. यालाच अँटी-रोल बार म्हणतात आणि परदेशी मासिके वाचणारे हौशी लोक स्वे बार. मागे मात्र अखंड ॲक्सल आणि पाटे. तिची प्रतिस्पर्धी ॲम्बॅसिडर वेगळ्या वाटेने गेली होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातल्या त्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीतच. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या दोन पोलादी दांड्या पीळ घेतात आणि गाडीचे वजन पेलतात. त्यांना टॉर्शन बार म्हणतात.

स्टॅबिलायझर बारचे कामही पीळ घेण्याचेच, पण तो वजन पेलत नाही. पोलादाची एक जाड सळई, दोन्ही टोकांना वाकवलेली. मधला भाग दोन रबरी बुशमधून गाडीच्या अंगाला धरलेला, टोके डाव्या-उजव्या खालच्या आर्मना बांधलेली. दोन्ही चाके एकदम वर आली, समजा स्पीडब्रेकरवर, तर बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो. त्याचा काहीही विरोध नसतो. वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक दबते आणि आतले लोंबते, तेव्हा बारची दोन टोके विरुद्ध दिशांना जातात. धोतर पिळताना दोन्ही हात एकाच बाजूला फिरवले तर पाणी निघत नाही, उलटसुलट फिरवले की निघते, बारचेही तसेच. पिळला गेलेला बार सरळ होऊ पाहतो आणि कललेली गाडी थोडी उभी करतो.

याचे पेटंट जुने आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना ते 1919 मध्ये मिळाले. पण त्याची खरी गरज भासली ती पुढे दीड दशकाने. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ओली यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी कॅडिलॅकच्या एका गाडीवर पुढे-मागे हलवता येणारी वजने बसवली, स्प्रिंगा बदलत राहिले आणि माणसांना तीत बसवून काय बरे वाटते ते विचारत गेले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर प्रवास सुखाचा होतो, असे त्यांना आढळले. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, क्षणभराने मागच्यांना. पुढचे टोक सावकाश हलले आणि मागचे जरा जलद, तर दोन्ही टोकांची लय लवकर जुळते आणि गाडी डोके खाली-वर करत राहत नाही. 1934 पासून अमेरिकन गाड्यांना पुढे मऊ स्प्रिंगा आणि स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. मऊ स्प्रिंगा आल्या तशी गाडी वळणावर जास्त कलू लागली, आणि कोलमनची कल्पना कामाला आली.

म्हणजे पुढच्या मऊ स्प्रिंगा आणि बार ही जोडी एकमेकांच्या भरवशावर उभी आहे. एकीला हात लावला की दुसऱ्याचे गणित हलते. हौशी सुधारणांमधली निम्मी फसगत इथेच होते.

बारबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: तो वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर जाऊ देत नाही. हे खरे नाही. समजा माणसांसह गाडी 1100 किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 123 सेंटिमीटर आहे. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश धरला, म्हणजे आतली माणसे दाराकडे सरकतील इतका, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 200 किलो भार जातो. बार जाड असो, बारीक असो की मुळीच नसो, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. तो ठरतो उंची, रुंदी आणि वेगावर. टपावर कॅरिअर लावून त्यात चार पोती टाकली तर तो वाढतो. कॅरिअर उतरवून ठेवले तर कमी होतो, तोही फुकटात.

बारच्या हातात दोन गोष्टी असतात. एक, गाडी किती कलणार. दुसरी, ते 200 किलो पुढच्या आणि मागच्या चाकांनी कसे वाटून घ्यायचे. पुढचा बार जाड केला की पुढची बाजू जास्त वाटा उचलते. पुढच्या बाहेरच्या टायरवर ओझे वाढते, आणि टायरचा स्वभाव असा की ओझे दुप्पट झाले म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे पुढची चाके आधी हार मानतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागचा बार जाड केला तर उलटे होते, मागची चाके आधी सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. साध्या चालकाला पहिला प्रकार परवडतो. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी बहुधा सावरते. दुसऱ्या प्रकारात पाय काढला की ती आणखी फिरते.

या वाटणीपायी एका गाडीचा इतिहासच बदलला. अमेरिकेची शेव्हरले कॉर्व्हेर 1960 मध्ये आली. इंजिन मागे, मागची चाके स्विंग ॲक्सलवर, आणि पुढे अँटी-रोल बार नाही. वळणावर तिची मागची बाजू बेभरवशाची वागते, अशा तक्रारी झाल्या, कज्जे झाले. 1964 च्या गाड्यांना कंपनीने पुढचा बार नेहमीच्या सामानातच दिला आणि मागेही आडवी पाट्याची स्प्रिंग घातली. पुढच्याच वर्षी राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आले. त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते. 1972 च्या सरकारी अहवालाने 1960 ते 1963 च्या कॉर्व्हेर त्यांच्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हत्या असा निर्वाळा दिला, पण तोवर तिचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

तेव्हा पद्मिनीला जाड बार बसवावा का? आकडेच बघू. गोल सळईचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 18 मिलिमीटरच्या जागी 20 मिलिमीटरची सळई घातली तर जाडी 11 टक्क्यांनी वाढली, पण ताठरपणा दीडपटीहून थोडा जास्त झाला. 18 चे 22 केले तर सव्वादोन पट. डोळ्यांना न जाणवणारा फरक गाडीला चांगलाच जाणवतो. 'जाड घाला, काय बिघडते' असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला हा हिशेब एकदा दाखवावा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हा दीडपट ताठरपणा सुखाचा वाटेल. रस्ता सपाट, दोन्ही चाकांना सारखाच. बार फक्त वळणावर जागा होतो. येलदरीच्या वाटेवर डावे चाक खचलेल्या कडेत उतरते आणि उजवे वरच राहते. बारला वळण आणि खड्डा यांतला फरक कळत नाही. दोन चाकांची उंची वेगळी झाली एवढेच त्याला समजते, आणि तो पीळ घेतो. डाव्या चाकाचा धक्का उजव्या बाजूला पोचतो, डावे चाक खड्ड्यात पुरते उतरत नाही, आणि गाडीतली माणसे डोकी उजवी-डावीकडे आपटत जातात. जाड बार घातलेल्या गाड्यांचे मालक खराब रस्त्यावर हीच तक्रार करतात: खड्डा एका चाकाला लागतो आणि हलते सगळी गाडी.

खडबडीत वाटेवर हिंडणाऱ्या गाड्यांचे शहाणपण याच दिशेचे आहे. 2007 च्या जीप रँग्लर रूबिकॉनला कंपनीने असे बटण दिले, जे दाबले की पुढचा बार सुटतो. मग दगडधोंड्यांवर प्रत्येक चाक आपल्यापुरते खाली-वर होते. आपल्याकडची जुनी जीप तर बारशिवायच जगली. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे 80 इंच. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण 1968 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसले, त्या काळी सरकारी खात्यांची कामाची गाडी म्हणजे जीप. वळणावर ती कुणालाही आवडली नसेल, पण धरणाच्या कच्च्या वाटांवर तिला वळणापेक्षा खड्ड्यांशी जास्त काम होते.

म्हणून या भागात पद्मिनीची पुढची बाजू सुधारायची तर बारचा नंबर शेवटी लागतो. आधी ती गाडी कुर्ल्याहून निघाली तेव्हा जशी होती तशी करावी. चाळीस वर्षांनी तिच्यात 'कंपनी सेटिंग' म्हणून जे राहिलेले असते ते बहुधा नावापुरतेच.

तपासणीला फार हत्यारे लागत नाहीत. गाडीचे पुढचे टोक जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. मग चाक वरून आणि खालून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. खटखट लागली तर किंगपिन (ज्या खुंटीभोवती चाक वळते ती) किंवा व्हील बेअरिंग ढिले आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला आणि तरी खटखट राहिली तर किंगपिन. थांबली तर बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवले की टाय रॉडच्या टोकांचा प्ले कळतो. किंगपिनच्या ग्रीस निपलांवर कित्येक गाड्यांत मातीचा असा घट्ट थर बसलेला असतो की ग्रीस गनने मारलेले ग्रीस बाहेरच ओघळते. मालक समजतो, ग्रीसिंग झाले. निपल काढून, रॉकेलने धुऊन, तारेने मोकळा करून परत लावला की पहिल्या दोन-चार दाबांत जुने, काळे, वाळूसारखे खरखरीत ग्रीस बाहेर येते. पिन चांगली असेल तर एवढ्यानेही स्टिअरिंग हलके होते.

मग बुश. आर्मच्या आतल्या टोकांना रबरी बुश असतात आणि बारच्या मधल्या पकडीत दोन. मे महिन्यात पारा 42-43 अंशांना टेकणाऱ्या या भागात रबर लवकर कडक होते, त्याला भेगा पडतात. बारचा बुश झिजला की त्याचे गोल भोक लंबगोल होते आणि बार त्या ढिलाईत आधी सैल फिरतो, मग पीळ घेतो. म्हणजे गाडी आधी मोकळी कलते आणि मग झटक्याने थांबते. मालकाला वाटते, बार कमजोर आहे, जाड हवा. खरे तर काही रुपयांचे रबर बदलले की तोच जुना बार पुन्हा कामाला लागतो. बुश बदलताना एक पथ्य आहे, आणि घाईत नेमके तेच मोडले जाते: आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, आपल्या वजनाने उभी असताना. चाके लोंबत असताना आवळले तर खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते.

बाजारात पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. बारच्या पकडीत ते चांगले, कारण ते दबत नाहीत आणि बारचा प्रतिसाद लगेच मिळतो. कोरडे राहिले तर करकर वाजतात, म्हणून सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवावेत. आर्मच्या बुशसाठी मात्र आपल्या रस्त्यांना रबरच बरे. रस्त्याची बारीक थरथर रबर गिळते. पॉलियुरेथेन ती जशीच्या तशी गाडीच्या पत्र्यात पोचवते.

शॉकॲब्सॉर्बरची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे: बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायचे, गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर शॉकॲब्सॉर्बर संपले. ही परीक्षा ढोबळ आहे. अगदी मेलेलेच ती पकडते, अर्धमेले सुटतात. तेलाचा ओघळ दिसला तर जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ही काटकसर वळणावर अंगाशी येते. महाराष्ट्रात शॉकॲब्सॉर्बरचा धंदा जुना आहे. गॅब्रिएल इंडिया 1961 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज तिचे मुख्यालय पुण्याजवळ आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मात्र कारखान्याच्या दारात मिळत नाहीत. ते शोधायला लोक मुंबईच्या चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातात. जिथे पद्मिनी बनत होती त्याच कुर्ल्यात आता तिचे भाग भंगारातून वेचावे लागतात.

स्प्रिंगचा विषय जरा नाजूक. चाळीस वर्षांत स्प्रिंग बसते. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले की एक बाजू किती खचली ते दिसते. चालकाची बाजू बहुधा जास्त खचलेली असते. इथे कुणीतरी स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी 'स्पोर्टी' करण्याचा सल्ला देतो. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग सुमारे 14 टक्क्यांनी ताठर होते आणि गाडी खाली येते. मग जरासा मोठा खड्डा लागला की आर्म रबरी स्टॉपवर आपटते. गाडी आणि जमीन यांतले अंतर कमी करणारी कोणतीही सुधारणा मराठवाड्यात सुधारणा म्हणवत नाही. आर्म तिरप्या झाल्या की चाकांचे कोनही बदलतात आणि टायर आतून झिजतात. शिवाय पुढच्या मऊ स्प्रिंगांची ओलींनी बसवलेली लय मोडते: पुढे ताठर, मागे मूळचे पाटे, आणि गाडी प्रत्येक लाटेवर डोके हलवत जाते.

स्प्रिंग काढणे हे घरगुती काम नाही. गाडी उचललेली असली तरी दोन आर्मच्या मध्ये ती अनेक क्विंटलांच्या जोराने दाबलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता बोल्ट सोडला तर ती सुटते आणि समोर जे असेल त्याला लागते.

एवढे सगळे झाले, टायर चांगले आहेत, व्हील अलाइनमेंट झाली, आणि तरीही मालकाला वळणावर गाडी जास्त कलते असे वाटले, तर मग बारचा विचार करावा. मूळ बारपेक्षा एक-दोन मिलिमीटर जाड, त्याहून जास्त नाही. तो कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न. गावातला लेथवाला सांगतो, 'सळई आहे, वाकवून देतो.' तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो. साधे पोलाद आणि स्प्रिंगचे पोलाद यांचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो. उष्णोपचाराने तो बदलत नाही. म्हणून साध्या सळईचा बार पहिल्या दिवशी अगदी उत्तम वाटतो. फरक असतो तो किती पीळ सोसून मूळ जागी परत येता येते यात. स्प्रिंगचे पोलाद तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन तयार केलेले असते. ते पीळ घेते आणि सोडते. साधी सळई पहिल्या मोठ्या खड्ड्यात थोडी वाकते आणि वाकलेलीच राहते. मग सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला कललेली दिसते. बारवर वेल्डिंग केले तर त्या जागी पोलाद ठिसूळ होते, आणि बार तिथेच तुटतो.

नवा बार बसवताना त्याला आर्मशी जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लिंक अशा लावाव्यात की गाडी सपाटीवर उभी असताना बारमध्ये अजिबात पीळ नसेल. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, चाके वर-खाली करून बार टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासत नाही हेही पाहावे. मग ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या वेगाने चालवून बघावे. अनोळखी वाटेवर गाडी सुधारली की रस्ताच चांगला होता, हे सांगता येत नाही.

टायरचा मुद्दा वर एका शब्दात उरकला, पण पैसे खर्च करायची पहिली जागा तीच आहे. पद्मिनीला मूळचे 5.20-14 चे क्रॉसप्लाय टायर होते. रेडियल घातले की पकड वाढते, खड्ड्यांचा धक्का कमी होतो आणि गाडी सरळ चालते. हा फरक जाड बारपेक्षा कितीतरी मोठा असतो. मात्र पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी सरमिसळ करू नये. पुढची पकड वाढून मागची कमी राहिली की शेपटी सुटण्याचा धोका तयार होतो. आणि चाकांवरचे ब्रेक ड्रमचेच आहेत, याचा विसर पडू नये. वळणावर स्थिर झालेली गाडी चालकाला जोरात हाकायला लावते. थांबण्याचे अंतर मात्र पूर्वीइतकेच राहते.

उरला कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक निकाल दिला: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात न बसणारे फेरफार चालणार नाहीत. झिजलेला बुश, शॉकॲब्सॉर्बर किंवा किंगपिन त्याच जातीच्या नव्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे. बारसाठी बॉडीला नवे ब्रॅकेट वेल्ड करणे ही वेगळी बाब; पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नवी नोंदणी 20,000 रुपयांत, 10 वर्षांसाठी. 1974 ची पहिली पद्मिनी 2024 मध्ये या वयात आली, आणि परभणीच्या एमएच-22 मालिकेतल्या जुन्या गाड्याही हळूहळू येतील. म्हणून नवा बार बसवणार असाल तर तो मूळच्याच भोकांत, मूळच्याच पकडीत बसेल असा बनवून घ्या. आणि काढलेला जुना बार, बुश, लिंक, बोल्ट यांतले काहीही भंगारवाल्याला देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून ठेवा. गाडीच्या पन्नासाव्या वाढदिवशी तिला पुन्हा मूळ रूपात उभे करायचे झाले तर हे भाग बाजारात मिळणार नाहीत.